शेवटी आलेल्यांचा भात

आईला पर्व्हिस स्ट्रीटवर पहिल्यांदा नेलं ते २००६ च्या मे महिन्यात. लालबागहून ती माझ्याकडे सिंगापूरला महिनाभर राहायला आली होती आणि पहिले आठ दिवस माझ्या स्वयंपाकघराबाहेरचं काही तिने तोंडात घातलं नव्हतं. नवव्या दिवशी बुधवार आला. म्हटलं, आज तुझा कसला वार नाही, उपास नाही, चल, कोंबडी खाऊ या.

दुकान जुनं, हैनानी माणसाचं. दर्शनी काचेमागे आकड्यांना टांगलेल्या उकडलेल्या कोंबड्या, फिकट पिवळ्या, तुकतुकीत. खाली गोल लाकडी ओंडका आणि त्यावर सत्तूर घेऊन उभा असलेला सत्तरीचा माणूस. सिंगापुरात वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला सगळे अंकलच म्हणतात, मीही म्हणायचे. अंकलचा सत्तूर खाली येई तेव्हा आवाज एकदाच होई. हाडासकट तुकडा सुटे, पण कातडं कुठे फाटत नसे. दोन ताटल्या आल्या. काकडीच्या चकत्यांवर मांडलेली कोंबडी, वेगळ्या ताटलीत भात, वाटीभर सूप, आणि तीन छोट्या बशांत लाल मिरचीची चटणी, वाटलेलं आलं, काळा दाट सोया सॉस.

आईने कोंबडीकडे पाहिलं नाही. भाताची चार शितं उचलून तिने अंगठ्याखाली चुरडली, बोटं नाकाशी नेली, मग शितं तोंडात टाकली.

"हेंनी तांदूळ आधी परतून घेतल्यानी," ती म्हणाली. "कोंबडेच्या चरबीत. आणि वर पाणी न्हय, आळणी घातल्यानी."

मी कोंबडीचा तुकडा तिच्याकडे सरकवला.

"कोंबडी मगे. आधी भात खा गो."

आईने लालबागच्या चाळीत वीस वर्षं खानावळ चालवली होती. दोन खोल्या, तीस-पस्तीस मेंबर, गिरणीच्या तिन्ही पाळ्या. भात हे तिचं शास्त्र होतं. मी मात्र पाच वर्षं या शहरात तेच ताट खात होते आणि सगळ्यांसारखीच कोंबडीच्या मऊपणाचं कौतुक करत होते. त्या दिवसापासून मी या भाताचा माग काढायला लागले.

या ताटाचं नाव आहे हैनानी चिकन राइस. हैनान हे चीनच्या दक्षिण टोकाचं बेट, आकाराने केरळापेक्षा थोडं लहान. बेटाच्या ईशान्येला वेनचांग नावाचा भाग आहे आणि तिथली कोंबडी चीनभर नावाजलेली आहे. लहान चणीची, कातड्याखाली चरबी धरणारी. सणासुदीला, पितरांच्या नैवेद्याला ती अख्खी उकडून ठेवायची आणि त्याच पाण्यात, त्याच चरबीत भात शिजवायचा, ही तिथली जुनी रीत. पण सिंगापुरात आज ताटात येतं ते हेच नव्हे. तिथून इथे येईपर्यंत त्यात बराच बदल झाला आणि तो कसा झाला हे समजायला हैनानी माणसं इथे केव्हा आली ते पाहावं लागतं.

ती शेवटी आली. रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये सिंगापूरला ब्रिटिश ठाणं वसवलं आणि दक्षिण चीनमधून माणसांचा ओघ सुरू झाला. फुक्येनचे होक्यन व्यापारात शिरले. तिओच्यूंनी मिरी आणि गांबियेचे मळे धरले, मासळीचा धंदा धरला. कँटनकडचे लोक सुतार, सोनार, शिंपी झाले. हैनानच्या बंदराचं नाव १८५८ च्या तिआनजिनच्या तहात आलं खरं, पण ते परदेशी व्यापाराला प्रत्यक्ष खुलं होईपर्यंत १८७० चं दशक उजाडलं. त्यानंतर हैनानी तरुण मोठ्या संख्येने आले तेव्हा पेठांमधल्या जागा भरलेल्या होत्या. प्रत्येक धंद्याला आपली बोली होती आणि हैनानी बोली बाकीच्यांना कळत नव्हती. आपल्या भाषेतला मुकादम नसेल तर गोदीत काम मिळणं किती कठीण, हे मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या कुठल्याही कोकण्याला विचारावं.

राहिलं होतं स्वयंपाकघर. गोऱ्या साहेबांचे बंगले, हॉटेलं, जहाजं, लष्करी तळ, आणि श्रीमंत पेरानाकान म्हणजे मलय वळणाची चिनी घराणी. तिथे आचारी हवे होते, वाढपी हवे होते, पाणी भरणारे पोरगे हवे होते. हैनान्यांना तेव्हाचे इंग्रज हायलाम म्हणत आणि 'हायलाम बॉय' हा शब्द घरगड्यासाठीच वापरला जाई. चाळिशी उलटलेल्या माणसालाही बॉयच. रॅफल्स हॉटेल १८८७ मध्ये सार्कीझ या आर्मेनियन भावांनी काढलं. त्याच हॉटेलातल्या न्यिआम तोंग बून या हैनानी माणसाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिंगापूर स्लिंग नावाचं पेय बनवलं. त्या काळच्या हजारो हैनानी आचाऱ्यांपैकी नाव उरलं ते अशा एखाद्याचंच.

मला इथे गोव्याची आठवण होते. मुंबईत साहेबाच्या घरी गोमांस आणि डुक्कर शिजवायला हिंदू किंवा मुसलमान आचारी तयार नसे, त्यामुळे ती कामं गोव्याच्या ख्रिस्ती माणसांकडे गेली आणि तिथून ते जहाजांवरच्या भटारखान्यांत पोचले. दोन सफरींच्या मधल्या दिवसांत ते धोबीतलावाच्या कुडात राहत. गावागणिक एक कूड, भिंतीशी ओळीने ट्रंका, कोपऱ्यात गावच्या संताचा देव्हारा. सिंगापुरात हैनानी आचारी आणि खलाशी अगदी तसेच राहत. गावकीची खोली, महिन्याची थोडी वर्गणी, नोकरी सुटली की अंथरूण पसरायला जागा आणि गावच्या बातम्या. इकडे संताच्या जागी मात्झू ही समुद्राची देवी, जिचं देऊळ हैनानी संघाने बीच रोडवर बांधलं.

या खोल्या होत्या त्या तीन रस्त्यांना सरकारी नकाशात मिडल रोड, पर्व्हिस स्ट्रीट आणि सिया स्ट्रीट अशी नावं आहेत. हैनानी लोक त्यांना पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली म्हणत. आईला मी नेलं ती दुसरी गल्ली. रॅफल्स हॉटेल तिसऱ्या गल्लीला पाठ लावून उभं आहे. हॉटेलच्या भटारखान्यातून निघालेला आचारी विडी पेटवून ती संपायच्या आत आपल्या खोलीवर पोचत असेल.

मी त्या भागात खूप चालले आहे. पलीकडे बुगिस जंक्शन नावाचा मॉल आहे, १९९५ साली उघडलेला. त्याच्या काचेच्या छपराखाली जुन्या गल्ल्या तशाच ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या एकीचं नाव हायलाम स्ट्रीट, शेजारचीचं मलबार स्ट्रीट. अलीकडे ब्रास बासा रोड. तिथे एके काळी हिंदुस्थानातून आणलेल्या काळ्या पाण्याच्या कैद्यांचा तुरुंग होता. १८२५ पासून पुढे मद्रास, बंगाल आणि आपल्या मुंबई इलाख्यातूनही कैदी इथे आणले गेले आणि त्यांनी इथले रस्ते बांधले. जवळच्या सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलच्या पांढऱ्या भिंतीही त्यांच्याच हातच्या, चुन्यात अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटून गिलावा केलेल्या. मुंबई इलाख्यातल्या त्या कैद्यांत आपल्या भागातली माणसंही असतील, असं त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी मनात येतं.

ब्रास बासा म्हणजे मलय भाषेत बरास बासाह, ओला तांदूळ. ओढ्यातून आलेला भिजका तांदूळ तिथे वाळत घालत म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे भात की तांदूळ?" हा प्रश्न इंग्रजीत विचारताच येत नाही, आणि मलयमध्ये मात्र नेमका विचारता येतो. शेतात उभा तो पादी, सडलेला तो बरास, शिजलेला तो नासी. आमच्याकडे भात, तांदूळ आणि पुन्हा भात. आईला ती भाषा तेवढ्यावरूनच आवडली.

आता कोंबडीकडे येते. हैनानी पुरुष इथे आले ते एकटे. विसाव्या शतकाची पहिली दोन दशकं उलटेपर्यंत हैनानच्या बायका जवळजवळ आल्याच नाहीत. गिरणगावातही पुरुष एकटेच होते, पण आईसारख्या काही बायका आल्या आणि कितीतरी एकट्या पुरुषांना एक बाई जेवू घाली. हैनानी गल्ल्यांत पुरुषांनीच पुरुषांसाठी रांधलं. आपण एखाद्या पदार्थाचं मूळ शोधायला लागलो की शेवटी कुणाची तरी आजी सापडते. या पदार्थाला आजी नाही. दिवसभर साहेबासाठी रोस्ट आणि चॉप करणाऱ्या, संध्याकाळी आपल्या माणसांत येऊन बसणाऱ्या पुरुषांनी तो घडवला. मला या पदार्थाबद्दल जे प्रेम वाटतं त्याचं मोठं कारण हे आहे.

विक्रीला तो आला खांद्यावरच्या कावडीतून. वाँग यी गुआन हे पहिल्या विक्रेत्यांपैकी एकाचं नाव. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो या गल्ल्यांतून कावड घेऊन फिरत असे आणि भाताचे गोळे वळून कोंबडीबरोबर केळीच्या पानात बांधून देत असे. गोळ्यांचा भात जास्त वेळ ऊन राहतो, हातात धरून चालता-चालता खाता येतो. मलाक्क्यात अजूनही हा भात गोळे वळूनच देतात. सिंगापुरात मात्र टेबल-खुर्ची आली, ताटली आली आणि गोळे गेले.

टेबल-खुर्ची येण्याचीही कारणं आहेत. १९३० च्या मंदीत दुकानांची भाडी कोसळली तेव्हा गाठीला थोडे पैसे असलेल्या हैनान्यांनी कोपऱ्यावरची दुकानं धरली आणि कॉफी, टोस्ट, अंडी विकायला सुरुवात केली. या दुकानांना कोपितियाम म्हणतात, मलय कोपी आणि होक्यन तियाम, म्हणजे दुकान. मग १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. साहेब तुरुंगात गेले, बंगले रिकामे झाले, आचारी रस्त्यावर आले. युद्ध संपल्यावर जुने मालक पूर्वीच्या तोऱ्यात परतले नाहीत, आणि १९७१ च्या अखेरीस ब्रिटिश फौजाही गेल्या. एका अख्ख्या जमातीला मालक उरला नाही तेव्हा तिने स्वतःचं दुकान मांडलं. वाँगकडे शिकलेल्या मो ली त्वीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मिडल रोडवर स्वी की हे उपाहारगृह काढलं. कावडीवरची चीज तिथे पहिल्यांदा नावारूपाला आली. पुढची पन्नास वर्षं सिंगापुरात चिकन राइस म्हणजे स्वी की, असं म्हटलं जाई. १९९७ मध्ये ते बंद झालं. मी इथे आले २००१ मध्ये, म्हणजे ते ताट माझं चार वर्षांनी चुकलं. त्याची हळहळ मला अजून वाटते.

बनवण्याची रीत मी पुढे शिकले. अख्खी कोंबडी मोठ्या पातेल्यात सोडायची, पण पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. पाणी नुसतं थरथरत ठेवायचं आणि पाऊणएक तासाने कोंबडी काढून थेट बर्फाच्या पाण्यात बुडवायची. कातडं आवळतं, त्याच्याखाली रस गोठून पातळसा थर जमतो. ही बर्फाची युक्ती कँटनी आचाऱ्यांच्या पांढऱ्या कोंबडीवरून आली. मिरचीची चटणी हैनानची नव्हे, ती या मातीतली. लाल मिरची, लसूण, आलं, आणि लिमाउ कस्तुरी नावाच्या सुपारीएवढ्या लिंबाचा रस. भाताला थायलंडचा सुवासिक तांदूळ. चरबी कढवून त्यात लसूण-आलं परतायचं, तांदूळ परतायचे, कोंबडीची आळणी ओतायची आणि वर पानदानची पानं गाठ मारून टाकायची. हे पान आमच्याकडे परसात असतं. कुणी त्याला बासमतीचं पान म्हणतं, कुणी अन्नपूर्णा.

आईने ही रीत ऐकून घेतली आणि तिला सर्वांत आधी दिसला तो हिशेब. खानावळीत एका कोंबडीत किती माणसं जेवतील हा प्रश्न तिला दर बुधवारी आणि रविवारी पडायचा. त्यावर मालवणी उत्तर म्हणजे वाटप. खोबरं भाजायचं, कांदा भाजायचा, रस्सा वाढवायचा, माणशी दोन तुकडे आणि पोटभर वडे. हैनान्याने कोंबडी वाढवली ती भातात. मांस थोडंच, पण चरबी भातात गेली, पाणी भातात गेलं, उरलेलं पाणी वाटीत सूप म्हणून आलं. एकही थेंब मोरीत गेला नाही. "ह्यो गरिबाचो हात," आई म्हणाली. कोंबडी मात्र तिला पटली नाही. हाडालगतचं मांस गुलाबी होतं. हे असंच असतं, इथे असंच आवडतं, असं मी सांगितलं. तिने कडेचे तुकडे खाल्ले आणि हाडाचे माझ्या ताटात ठेवले.

पुढे या ताटाला जे मोठेपण मिळालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९७१ मध्ये ऑर्चर्ड रोडवरच्या मँडरीन हॉटेलने आपल्या चॅटरबॉक्स या उपाहारगृहात चिकन राइस ठेवला, आणि घरगड्यांची चीज हॉटेलच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर आली. त्याच वर्षापासून सरकारने रस्त्यावरचे विक्रेते उचलून नळ, गटार आणि छप्पर असलेल्या हॉकर सेंटरांत बसवायला सुरुवात केली. १९८६ पर्यंत ते काम पुरं झालं. मॅक्सवेल फूड सेंटरमधल्या तिआन तिआन या चिकन राइसच्या दुकानापुढची रांग आता दुपारी खांबांना वळसा घालून जाते. २००९ मध्ये मलेशियाच्या पर्यटनमंत्र्यांनी हा आणि आणखी काही पदार्थ आमचे, दुसऱ्यांनी पळवले, असा दावा केला तेव्हा दोन्ही देशांत वाद पेटला. मला त्या वादात हैनानी माणूस कुठेच दिसला नाही. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरची हॉकर संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. १ जून २०२२ पासून मलेशियाने कोंबडीची निर्यात थांबवली. सिंगापूरची साधारण ३४ टक्के कोंबडी तेव्हा तिथून येत होती, आणि ती येई जिवंत, इथे कापली जाई. ब्राझीलची गोठवलेली मिळत होती, पण गोठवलेल्या कोंबडीच्या कातड्याखाली तो रसाचा थर धरत नाही, मांस पाणी सोडतं. आदल्या रात्री मी माझ्या घराजवळच्या सेंटरात गेले तर शटरवर चिठ्ठी होती, ताजी कोंबडी संपली. दुकानदारीण आतले आकडे पुसत होती. रिकामे आकडे मी पहिल्यांदा पाहिले. मला १९८२ आठवलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि आईने शिमग्यापर्यंत सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण ट्रंक घेऊन कोकणात गेला. दर महिन्याला ती खाड्यांचा हिशेब करायची, कोण किती दिवस जेवला नाही ते वजा करायची. त्या मे महिन्यात तिच्या वहीत सगळ्यांपुढे खाडाच होता. ती मोठी पातेली आईने कल्हई करून माळ्यावर ठेवली, ती पुन्हा उतरली नाहीत. सिंगापुरातले आकडे भरले. ऑक्टोबरात निर्यात पुन्हा सुरू झाली. लालबागच्या त्या खानावळींच्या जागी आज टॉवर आहेत, आणि तिथल्या हजारो बायकांनी रांधलेल्या जेवणाला कुठल्याही मेनूकार्डावर नाव नाही. हैनान्यांचं नाव त्यांच्या भाताला चिकटून राहिलं, याचा मला म्हणूनच इतका आनंद होतो.

त्या बुधवारी जेवण झाल्यावर आई उठून काचेपाशी गेली. दुपारची गर्दी ओसरली होती, अंकल ओंडका गरम पाण्याने धूत होते. तिने मला विचारायला लावलं, तुमचं गाव कुठलं. मी इंग्रजीत विचारलं. अंकल म्हणाले, जन्म इथलाच, वडील वेनचांगचे. वडील एका साहेबाकडे आचारी होते, आणि सुट्टी मिळाली की याच गल्लीत येऊन हा भात खात. मग त्यांनी आईकडे बोट करून विचारलं, तिचं गाव कुठलं. मी म्हटलं, कुडाळ. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. आईने त्यांना खुणेने सांगितलं, भात चांगला झालाय, आणि मला हळूच म्हणाली, "तांदूळ जुनो आसा, इचार." मी विचारलं. अंकल हसले आणि मान डोलावली, नव्यात थोडा जुना मिसळतात.

निघताना त्यांनी तपकिरी मेणकागदात भाताचा एक पुडा बांधून आईच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती मोहरी तडतडल्याच्या आवाजाने. आईने तो भात मोकळा करून ठेवला होता. कढईत हिंग, हळद, दोन मिरच्या, आणि माझ्या खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता. तेल तिने नेहमीच्या निम्मं घातलं होतं.

"भातात आसा ना चरबी," ती म्हणाली, आणि झाकण ठेवलं.